तात्यांचा बिनदातांचा गिअर

आमच्या उंब्रजच्या मानसिंगतात्यांना चहा दिला तर ते तो लगेच पीत नसत. कप टेबलावर ठेवून दोन मिनिटं सायीकडे एकटक बघत बसत. साय जराशी थरथरली की संपलं. "मास्तर, तुमच्या घरात कंप हाय," असं म्हणून ते उठत आणि त्याच्या शोधात घरभर फिरत. एकदा आमचा पंखा तावडीत सापडला. तात्यांनी स्टुलावर चढून त्याची पाती उतरवली आणि खाली येऊन निकाल दिला, "ग्राउंड!" मे महिना होता. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत राहिलो.

तात्या वीस वर्षं हवाई दलात हेलिकॉप्टरं दुरुस्त करून गावी परतले होते. यंत्र थरथरलं की ते उडू द्यायचं नाही, हा तिथला नियम त्यांनी गावाला लावला. ग्रामपंचायतीचा पंप, पिठाची गिरणी, माझी स्कूटर, सगळं त्यांच्या लेखी ग्राउंड होतं. एकदा आम्ही साताऱ्याला निघालो, तर गिअरबॉक्सला कान लावायचा म्हणून त्यांनी भर रस्त्यात एसटी थांबवली.

"आवं तात्या, ही यष्टी हाय, इमान न्हवं!" ड्रायव्हर वैतागला.

"इमान असतं तर तुला कवाच खाली उतरवला असता," तात्या म्हणाले.

अर्धा तास गेला. जिल्हा परिषदेतलं माझं काम त्या दिवशी राहिलं ते दीड वर्ष राहिलं.

तात्यांच्या मते साऱ्या कंपाचं मूळ एकच, गिअरचे दात. दातावर दात आपटतो म्हणून हेलिकॉप्टर थरथरतं. मग दातच काढून टाकायचे! गणेश मंडळांचे फुटके स्पीकर गोळा करून त्यांनी आतली लोहचुंबकं काढली, एका लहान आणि एका मोठ्या चाकाच्या कडेला बसवली आणि चाकं शेजारीशेजारी ठेवली. मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. एक चाक फिरवलं की दुसरं आपोआप फिरे, न शिवता, न वाजता. मी विज्ञानाचा मास्तर, पण खोटं कशाला बोलू, माझं तोंड उघडंच राहिलं. हा गिअर हेलिकॉप्टरला बसवा म्हणून तात्यांनी बंगलोरच्या एका प्रयोगशाळेला सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. "म्हंजे मामला गुप्त ठेवलाय त्यांनी," तात्या म्हणत.

मग त्यांची नजर बायकोच्या चरकावर गेली. अनसाकाकींचं हायवेला उसाच्या रसाचं दुकान होतं. तात्या नोकरीत देशभर फिरत असताना काकींनी ते एकटीनं चालवलं, त्यावरच पोरी उजवल्या. त्यांनी साफ सांगितलं, "माझ्या चरकाला हात लावायचा न्हाई. तुमचं इमान तुमच्यापाशी."

तात्या महिनाभर मागे लागले. दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी चरकाला तो गिअर बसवून बघायला काकींनी आठ दिवस दिले. चाललं तर ठेवायचं, नाहीतर भंगारात.

पहिल्या दिवशी बघ्यांची गर्दी झाली. मोटर सुरू झाली, चरक गपचूप फिरायला लागला आणि जाडजूड ऊस आत जाताच जागच्या जागी थांबला. मोटरीकडचं चाक गरगरतंय, चरकाकडचं नुसतं हिसके देतंय. स्पीकरच्या चुंबकांची ताकदच पुरेना.

"तात्या, दात काढल्यावर ऊस खाता येतोय व्हय?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मी तर पोट धरून हसलो.

संध्याकाळी मी त्यांना समजवायला गेलो. "तात्या, सोडा हा नाद. नावासाठी किती हट्ट करायचा?"

तात्या पोस्टकार्ड घालून फट तपासत होते. "नाव कशाला पायजे, मास्तर? तिच्या बोटांस्नी मुंग्या येत्यात. त्यो थरथरता ऊस इतकी वर्सं धरून धरून. परवा गरम पातेलं उचललं, हात पोळला तरी कळलं न्हाई तिला." त्यांनी पोस्टकार्ड खाली ठेवलं. "पायलट खाली उतरला की मी पयलं इचारायचो, साहेब, हात बधिर झालं न्हाईत न्हवं? वीस वर्सं इचारलं. हिला एकदाबी इचारलं न्हाई."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी धास्तावतच दुकानावर गेलो. बघतो तर चरक झकास चालू! ग्लासामागून ग्लास भरत होते आणि तात्या गिऱ्हाइकांना ती फट दाखवण्यात दंग होते. काकी दिसेनात, म्हणून मी मागच्या बाजूला गेलो. पुढ्यात उसाची मोळी घेऊन त्या कोयत्यानं एकेक ऊस उभा चिरत होत्या. चार बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"काकी, अहो हे काय?"

"हळू बोला. चिरलेला ऊस अडकत न्हाई."

"तात्यांना ठाऊक आहे?"

"त्यास्नी सांगितलंय, चिरलेला गोड लागतोय म्हणून गिऱ्हाईकच मागतंय." त्या हसल्या. "पेन्शनीत आल्यापासनं मानूस घरात परक्यागत बसायचं. आता सकाळी माझ्याआधी दुकानात येतंय. सांगू नगा गड्या."

मी त्यांच्या हातातला कोयता काढून घेतला, बाह्या दुमडल्या आणि ऊस चिरायला बसलो. पुढे तात्या कुणाला तरी सांगत होते, "हात लावून बगा की चरकाला. कंप हाय का कुटं?"