संचालक जागेवर नाहीत

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. कोणाचा पगार वीस तारखेलाच का आटतो, हे मी त्याच्या चपलांच्या टाचा बघून सांगतो! आमच्या घरी वाण्याचं बिल आधी मी तपासतो, मग वाणी तपासतो.

धंद्यानं मी लिफ्ट तपासनीस. नोकर कोणाचाच नाही. कंत्राटावर काम, लिफ्टमागे ठरलेली फी. दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे आणि प्रमाणपत्रावर सही ठोकायची. वर्षाला दोनशे लिफ्ट म्हणजे सह्या किती, हिशेब करा! मालक गठ्ठा पुढे सरकवतात, पेन्सिलीची फुली दिसेल तिथे मी सही करतो. लिफ्ट मी नखशिखांत तपासतो. कागद वाचायचे पैसे मला कोणी देत नाही.

तर एका रविवारी आमचे साडूभाऊ आले. तेही कंत्राटीच. दुकानांचे वजनकाटे तपासतात. मात्र त्या दिवशी पायात नवे बूट होते आणि टाचा शाबूत होत्या. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

"शंभरातले तीस कराला देता ना?" साडूभाऊंनी विचारलं. "मी बारा देतो. तेही कंपनीला!"

"कुठल्या कंपनीला?"

"तुमची फी थेट कंपनीकडे जाते. कंपनी तुम्हाला चिमूटभर पगार देते आणि उरलेलं सगळं कर्ज म्हणून देते. कर्जावर कर नसतो!"

"आणि फेडायचं कधी?"

"कधीच नाही!"

मला चहावाला चार दिवसांची उधारी ठेवू देत नाही, आणि इथे एक अख्खी कंपनी मला न फेडायचं कर्ज द्यायला दाराशी उभी! मी आयुष्यात प्रथमच साडूकडे आदरानं बघितलं.

बायको मात्र पडद्यांना टाके घालत होती. आम्ही दोन खोल्यांच्या घराचा बयाणा दिला होता. शेवटचा हप्ता भरला की घर आमचं. खिडक्या ताब्यात नव्हत्या, पण तिनं मापं घेऊन निळे पडदे शिवायला घेतले होते.

"अहो, फुकट कर्ज देणाऱ्याला वेड लागलेलं असतं, नाहीतर आपल्याला," ती म्हणाली.

"तुझ्याच बहिणीचा नवरा आहे!"

"म्हणून तर म्हणते."

मी ऐकलं नाही. साडूभाऊंनी गठ्ठा काढला. सोळा फुल्या, सोळा सह्या, दोन फोटो. चार मिनिटांत काम फत्ते!

तीन वर्षं सोन्यासारखी गेली. दर महिन्याला पैसे येत. सोबत एक पत्र, "आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत," आणि खाली संचालकांची सही. काय ती सही! पहिलं अक्षर फणा काढलेल्या नागासारखं. मी ती बायकोला कौतुकानं दाखवायचो.

"ओळखीची वाटते," ती म्हणायची.

"मोठ्या माणसांच्या सह्या सारख्याच असतात!"

आणि मग कर खात्याचं पत्र आलं. शांत, सभ्य, दोन पानी. जे कर्ज फेडायचंच नसतं ते कर्ज नव्हे, पगारच होय. सबब तीन वर्षांचा कर, त्यावर व्याज, त्यावर दंड. मी बेरीज केली. पुन्हा केली. आकडा आमच्या शेवटच्या हप्त्याला जवळजवळ चिकटून उभा होता, जणू कोणी माप घेऊनच शिवलाय.

कंपनीला फोन लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली, "संचालक जागेवर नाहीत." दुसऱ्या दिवशी, "संचालक जागेवर नाहीत." अकरा दिवस तोच सूर, तोच श्वास. साडूभाऊ तर फोनच उचलेनात! शेवटी मी संचालकांना रजिस्टर पत्र ठोकलं. असं झणझणीत लिहिलं की पाकीट चिकटवताना जीभ भाजली. आठवडाभर उत्तर नाही. मग पत्रावरचा पत्ता घेऊन मी स्वतःच निघालो.

भर दुपार होती. इमारत उंच, राखाडी आणि आवाज नसलेली. आत फक्त कुठेतरी नळ ठिबकत होता. मी बटणाला हात लावायच्या आत लिफ्टचं दार उघडलं. दुसरा असता तर पळाला असता. मी म्हणालो, स्विच झिजलाय. आत शिरलो. मजला दाबायच्या आत ती आपणहून वर निघाली. मी म्हणालो, वरून कोणीतरी बोलावलं असणार. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमध्ये ती थांबली. यावर मात्र मी काही म्हणालो नाही.

समोर भिंतीवर लिफ्टचं प्रमाणपत्र होतं. मला पत्ते आठवत नाहीत, लिफ्टचे आवाज आठवतात. हा आवाज ओळखीचा होता. खाली तपासनिसाची सही. पहिलं अक्षर फणा काढलेल्या नागासारखं. हातात कंपनीचं पत्र होतं, ते शेजारी धरलं.

दोन नाग एकमेकांकडे बघत होते.

लिफ्ट सुरू झाली. सहाव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर एक म्हातारा पहारेकरी, हातात फडकं. माझ्याकडे बघून तो उठून उभा राहिला.

"या साहेब! बटण मीच दाबलं होतं. खिडकीतून येताना दिसलात."

"तुम्ही मला ओळखता?"

"म्हणजे काय! रोज पुसतो की तुम्हाला."

त्यानं दार उघडलं. एक खोली, एक टेबल, एक फोन, एक खुर्ची. सगळ्यावर धूळ. स्वच्छ होती ती फक्त भिंतीवरच्या फोटोंची रांग. शेवटचा फोटो माझा. खाली लिहिलं होतं, संचालक. शेजारी नेमणुकीची संमती चौकटीत लावलेली. आता सांगायला लाज वाटते, पण मी आधी फुली शोधली. होती. पेन्सिलीची!

"दर महिन्याची पत्रं कोण पाठवतं?"

"कोण ते बघितलं नाही साहेब. गठ्ठा येतो, तिकिटं मी लावतो. सहीचा शिक्का त्यावर आधीच असतो."

"आणि ही बाकीची माणसं?"

"तुमच्या आधीचे संचालक. हे रंगारी होते, हे दातांचे डॉक्टर, या बाई नकाशे काढायच्या. सगळे तुमच्यासारखेच. फीवरचा कर वाचवायला आले आणि सही करून गेले."

"आता कुठे असतात?"

"ठाऊक नाही. टपाल मी त्यांच्या घरी पाठवायचो. परत यायला लागलं, की समजायचं, घर गेलं."

नळ ठिबकायचा थांबला. माझ्या फोटोशेजारी भिंतीत एक नवा खिळा होता, रिकामा. टेबलावर एक फोटो पालथा पडला होता. मी उलटला. साडूभाऊ! नव्या बुटांच्या आनंदात हसत होते.

"हे पुढच्या वर्षीचे," पहारेकरी हळूच म्हणाला.

 मी त्या एकमेव खुर्चीत बसलो. काहीच सुचेना, म्हणून सवयीनं कंपनीला फोन लावला. पुढ्यातला फोन वाजला. दोनदा वाजून आपणच उचलला गेला आणि गोड आवाज आला, "संचालक जागेवर नाहीत."

गेले अकरा दिवस ती बाई खरं बोलत होती. खोटं बोलली ती आज, पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी कर खात्यात गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तक्रार संचालकांविरुद्ध नोंदवता येईल," त्या म्हणाल्या. "संचालकांनाही त्यांची बाजू मांडायची संधी देऊ. सोयीची वेळ कोणती, तुमची की त्यांची?"

शेवटचा हप्ता खात्यात भरला. घराच्या नव्हे, कर खात्याच्या! निळे पडदे आता या भाड्याच्या खोलीला लागलेत. वीतभर लांब आहेत, जमिनीवर लोळतात. बायको रोज केर काढताना ते एका हातानं उचलून धरते. 

साडूभाऊंना चिठ्ठी लिहून सगळं कळवलं. उलट निरोप आला, "जळू नका. मला बढती मिळतेय!"

त्याच संध्याकाळी पोस्टमन आला. बायकोनं सही करून पाकीट घेतलं. पण आधी तिनं तिथेच उभं राहून पोचपावतीचा कागद पूर्ण वाचला, पोस्टमन ताटकळत राहिला.

"अहो, संचालक साहेब, तुमचं रजिस्टर पत्र आहे," ती म्हणाली. महिन्याभरात प्रथमच हसली.

अक्षर माझंच होतं. पहारेकऱ्यानं इमानदारीनं साहेबांच्या घरी धाडलं होतं. मी उघडून वाचलं आणि घाम फुटला. काय भाषा! काय दरारा! शेवटी लिहिलंय, पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास तुम्हाला जगणं मुश्कील करून टाकीन.

आज चौदावा दिवस. दाराला आतून कडी घातली आहे. उपयोग होईलसं वाटत नाही, कारण तो माणूस आतच आहे!