म्हातारीला तेल पाजलं कुणी?

"सिंथेटिक ऑइल आहे हे! उद्या मी स्वतःच्या हाताने भरतो, की वर्षभर बॉनेट उघडायची गरज नाही! जुनी गाडी, जुनी गाडी म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ऑइल बदलत बसतात ना लोक, त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही!"

चष्मेवाल्यांनी हे जेवणाच्या टेबलावर, हातातला चमचा नाचवत, अगदी छातीठोकपणे सांगितलं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसतंय का, स्पष्ट दिसतंय का असं विचारून विचारून, आपल्याला मात्र जगातलं सगळंच स्पष्ट दिसतं असा त्यांचा समज झाला होता. समोर बसलेली बायको आणि कॉलेजात जाणारी लेक, दोघी माना डोलावत होत्या. दोघींचा त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता, पण तसं तोंडावर सांगायची त्या घराची रीत नव्हती.

ही रीत आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच घातला. त्या घरात कुणी कुणाला दुखवत नसे. कुणाचं काही राहिलं असेल, चुकलं असेल, तर दुसऱ्याने ते मागच्या मागे निस्तरायचं आणि चकार शब्द काढायचा नाही! बायको झाडांना पाणी घालायला विसरली असेल म्हणून लेक घाली, लेक विसरली असेल म्हणून चष्मेवाले घालत, आणि न विसरलेली बायको आपली रोज घालतच असे. बाल्कनीतली झाडं कुजून मरत. मग तिघं मिळून हळहळत आणि नवी झाडं आणत.

आता गाडीचं. गाडी मुळात सासूबाईंची. सासूबाई गुरांच्या डॉक्टर. याच गाडीतून त्यांनी उभी हयात गोठे पालथे घातले होते, आणि निवृत्त झाल्यावर ती धाकट्या जावयाला, म्हणजे चष्मेवाल्यांना, देऊन टाकली होती. अडीच लाख किलोमीटर पळालेली! घरात तिला म्हातारी म्हणत. पण चष्मेवाल्यांचा तिच्यावर असा काही जीव होता, की भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने ते रोज सकाळी तिची काच पुसत. थोरल्या जावयांना, म्हणजे त्यांच्या साडूंना, हे पहिल्यापासून खुपत आलेलं. आणि त्याच दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन आला होता.

"जावईबापू, ऑइल शेवटचं कधी बदललंत?"

चष्मेवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नियमितपणे बदलतो, आई."

"नियमितपणे म्हणजे कधी?"

"म्हणजे... वेळच्या वेळी."

"हे बघा, एवढी पळालेली गाडी आहे ती. थकल्या जनावराचं खाणंपिणं जास्त सांभाळावं लागतं. रविवारी मी येते आणि स्वतः चालवून बघते. नीट ठेवली असेल तर कायमची तुमची. नसेल, तर थोरले जावई मागतायतच!"

साडूंच्या दारात म्हातारी उभी आहे आणि साडू तिच्या टपावर हात ठेवून हसतायत, हे दृश्य दिवसभर चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. टेबलावरचं ते भाषण त्यातूनच आलं होतं.

शनिवारी सकाळी ते जुनी पँट चढवून गल्लीत उतरले. गल्ली कसली, घसरगुंडीच होती ती! गाडी बिचारी कायम नाक वर करून उभी. चष्मेवाल्यांनी खालचा बोल्ट सोडवला, निम्मं काळं तेल बादलीत आणि निम्मं स्वतःच्या बाहीत घेतलं, फिल्टर बदलला आणि पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच नवं ऑइल मोजून ओतलं. काम फत्ते! मग त्यांनी डिपस्टिक बाहेर काढली. इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी ती लांब पट्टी. पाहतात तर काय, तेल तळाशी!

आता गाडी चढावर उभी असली की आतलं तेल मागे सरकतं आणि पुढची पट्टी कोरडी राहते, हे साधं गणित. पण घाबरलेल्या माणसाला साधं गणितच सुटत नाही. "पिते की काय हो ही!" असं पुटपुटत चष्मेवाल्यांनी दुसरा डबा फोडला आणि पट्टी भरेपर्यंत ओतला. उरलेला डबा जिन्याखाली ठेवून ते शीळ घालत दुकानात गेले.

दुपारी लेक मैत्रिणीकडे जायला गाडी घेऊन गेली. तिला लायसन्स नुकतंच मिळालेलं. परत येताना चढावर तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये अशी काही रडवली, की गल्लीतली कुत्री बाजूला झाली. गाडी आणून लावली तीही गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे चढ सगळ्यात उभा. मग तिच्या मनाने घेतलं, की आपण इंजिन जाळलं! मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघत तिने तापल्या इंजिनातून डिपस्टिक काढली. पट्टी खडखडीत कोरडी!

"मेले! उद्या आजी येणार आणि बाबांची गाडी जाणार, माझ्यामुळे!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. जिन्याखालचा डबा तिने पुरता रिकामा केला, बॉनेट हळूच लावलं आणि हात धुऊन अभ्यासाला बसली. असा अभ्यास तिने वर्षभरात केला नव्हता.

संध्याकाळी बायको कामावरून आली. ती एका दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावी, त्यामुळे भीतीने माणूस काय काय विसरतो याचा तिला दांडगा अनुभव होता. नवऱ्याने तेल काढलं हे बादलीत दिसत होतं. पण नवं भरलं का? की काढलं आणि तसेच दुकानात गेले? विचारावं तर बिचाऱ्याचा चेहरा पडेल! ती कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गेली आणि तिथून ऑइलचा डबा घेऊन आली. डिपस्टिक नावाची काही भानगड असते हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आपलं अंदाजाने ओतलं, भाजीत मीठ घालतात तसं. घातलं, वाकून बघितलं, आणि आणखी थोडं घातलं.

रात्री तिघंही एकमेकांकडे बघून गोड हसत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आज या घराची अब्रू आपण वाचवली!

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. बरोबर साडू, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू काही गाडी घरी न्यायलाच. सासूबाई कुठेही गेल्या तरी त्यांची डॉक्टरकीची पिशवी काखेत असे. आल्या आल्या त्यांनी स्वतःच्या लेकीची जीभ बघितली, नातीची नखं बघितली आणि चष्मेवाल्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून म्हणाल्या, "रक्त कमी आहे! उठता किती वाजता?" या बाईंचा मुक्काम पडला की घर पहाटेच उठे, आणि कुणाच्या पोटात काय जातं याची रोज तपासणी होई.

"चला, आधी गाडी!"

सासूबाई स्टिअरिंगवर बसल्या. त्यांनी किल्ली फिरवली. म्हातारी खोकली. पुन्हा खोकली. आणि मग मागच्या नळीतून तिने असा निळसर पांढरा धूर सोडला, की मागे उभे असलेले साडू दिसेनासे झाले!

"तेल जाळतेय ही!" सासूबाई ओरडल्या.

"मी म्हणतच होतो!" धुरातून साडूंचा आवाज आला. "अशा गाड्या तेल पितात! आतलं संपलं असणार! घाला आणखी!"

इंजिन बंद केलं. चष्मेवाल्यांनी पट्टी ओढली. चष्म्यावर धुराची अशी पुटं चढली होती, की त्यांना ना पट्टी दिसली ना तेल. "नाहीच आहे!" ते किंचाळले. साडूंनी तत्परतेने स्वतःच्या गाडीतला डबा आणून दिला आणि चष्मेवाल्यांनी तो गटागटा ओतला. "घाला, घाला!" साडू ओरडत होते. "घातलं, घातलं!" चष्मेवाले ओरडत होते.

सासूबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. यावेळी गल्लीच गेली! घरं गेली, विजेचे खांब गेले, चष्मेवाल्यांना स्वतःचं पोट दिसेना. समोरच्या गच्चीवर हवामान खात्यातून निवृत्त झालेले आजोबा आले आणि म्हणाले, "धुकं? आज धुक्याचा काहीच अंदाज नव्हता!" एक बाई खिडकीतून ओरडली, "आग लागली हो!" कुणीतरी फोन केला, आणि बघता बघता अग्निशमन दलाचा बंब ठणाणा करत गल्लीत शिरला.

"आग कुठाय?" दलाच्या साहेबांनी विचारलं.

"आग नाही, साहेब, नुसता धूर आहे!" चष्मेवाले गाडीच्या नळीसमोर आडवे झाले. "पाणी मारू नका! तिला सोसायचं नाही!"

"धूर थांबवायला काय करताय मग?"

"तेल घालतोय की!"

साहेबांनी एकदा चष्मेवाल्यांकडे आणि एकदा आकाशाकडे पाहिलं. त्यांच्या माणसांनी म्हातारी ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडाशी, सपाट रस्त्यावर आणली. तिथे थोडा वेळ थांबून साहेबांनी डिपस्टिक ओढली. तेल खुणेच्या वर, खुणेच्या वरच्याही वर, थेट मुठीपर्यंत! वर फेस!

"एवढं तेल? हे इंजिन आहे की तेलाची टाकी? कुणी घातलं हे?"

म्हातारी ठिबकत होती.

"मी," चष्मेवाले म्हणाले. "काल सकाळी. पण हिशोबाने घातलं हो! फक्त पट्टीवर दिसेना म्हणून थोडं वर."

"बाबा..." लेक पुढे आली. "दुपारी मीही. मला वाटलं, मी इंजिन जाळलं."

"अगं, मग मी कशाला घातलं!" बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "अहो, मला वाटलं तुम्ही भरायचं विसरलात!"

साहेब हसू दाबत साडूंकडे वळले. साडू बुटाच्या टोकाने रस्ता उकरत होते.

"आज सकाळी," साडू हळूच म्हणाले, "तुम्ही सगळे आत पापण्या तपासत होता ना, तेव्हा मीही एक डबा... नाहीतरी गाडी आपल्याकडेच येणार, म्हटलं उपाशी कशाला न्यायची!"

चष्मेवाले मटकन रस्त्याच्या कडेला बसले. संपलं! आता सासूबाई किल्ली साडूंना देणार. त्यांना खरंच रडू यायला लागलं.

पण सासूबाईंनी पिशवी उघडली. "पोट फुगलंय," त्यांनी निदान केलं. "अशा किती फुगलेल्या गाई मी उभ्या केल्यात! बादली आणा!"

पिशवीतून त्यांनी गुरांना टोचायची, मनगटाएवढी जाड सिरिंज काढली. तिला लांब रबरी नळी लावली, नळी डिपस्टिकच्या भोकातून आत सरकवली आणि दट्ट्या मागे ओढला. काळपट सोनेरी तेल भसाभस वर आलं. "धरा बादली! हलू नका! जावईबापू, तिच्या कपाळावर हात ठेवा!" कुणाच्या कपाळावर हे विचारायची चष्मेवाल्यांची छाती झाली नाही. ते बॉनेटच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. अग्निशमन दलाची माणसं बादल्या बदलत होती, आणि हवामानवाले आजोबा गच्चीतून वाऱ्याची दिशा सांगत होते.

बऱ्याच वेळाने पट्टीवर तेल खुणेला टेकलं. सासूबाईंनी किल्ली फिरवली. म्हातारीने एक लहानशी ढेकर दिली, धुराचं शेवटचं वेटोळं सोडलं आणि मग शहाण्यासारखी गुरगुरत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बंबाची घंटा सुद्धा वाजवली.

सासूबाई गल्लीला एक चक्कर मारून आल्या आणि खाली उतरल्या. किल्ली त्यांच्या हातात होती. साडूंनी शर्ट झटकून हात पुढे केला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर उपाशी ठेवलेली जनावरं बघितली. एकमेकांपासून लपवून, भरवून भरवून पोट फुगवलेलं जनावर पहिल्यांदाच बघतेय! इतकी माया जिथे आहे तिथून मी तिला हलवत नाही. जावईबापू, गाडी तुमची. कायमची!"

चष्मेवाले वाकून सासूबाईंच्या पाया पडले, बायकोकडे बघून हसले आणि साडूंकडे तर इतकं हसले की साडूंनी तोंड फिरवलं.

"फक्त एक," सासूबाई सिरिंज पुसत म्हणाल्या. "बॉनेटला आजपासून या घरातलं कुणीही हात लावायचा नाही. ऑइल बदलायला मी स्वतः येत जाईन. आणि नवं तेल गाडीला मानवतंय की नाही हे बघायला आठवडाभर राहावं लागेल!"

साडूंचा चेहरा एकदम उजळला. "साडूभाऊ," ते चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गाडी तुम्हीच ठेवा हो! अगदी मनापासून सांगतो!"

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "आई, म्हणजे... वर्षातून एकदाच ना?"

"वर्षातून? एवढ्या पळालेल्या गाडीला? दर तीन महिन्यांनी!"

"पण आई," चष्मेवाले काकुळतीला आले, "सिंथेटिक आहे हो ते!"

"सिंथेटिक आहे म्हणूनच तीन महिने म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "साधं असतं तर दर महिन्याला आले असते."