पूजेला बसलेली वीज

त्या साली खंडेनवमीला गिरणीची पूजा जरा थाटात करायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट काय? (वाईट काय ते पुढं येईलच. मी चौथी पास माणूस, एका दमात सगळं सांगणं जमत नाही.)

निपाणीत आमची पिठाची गिरणी. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली, की दसऱ्याचं सोनं हातात पडेपर्यंत ती हलवायची नाहीत, ही आमच्या वडलांची शिस्त. पण नेमकी त्याच दिवशी एखादी म्हातारी जोंधळ्याचं गाठोडं घेऊन दारात बसते आणि गळा काढते. माझं मन पडलं मऊ. म्हणून मी बोर्डावरचे तिन्ही फ्यूजच उपसायचो, पाटावर पान्ह्याशेजारी मांडायचो, हळदकुंकू वाहायचो, वर झेंडूचा ढीग. मग म्हातारीला सांगायचो, "आज्जे, वीजच पूजेला बसलीय, मी काय करू?"

साल अठ्ठ्याऐंशी. त्या वर्षी घरात आणखी एक यंत्र आलं. आमचा पोरगा रवळू बेळगावात शिकून आला आणि तिथल्याच मच्छे गावच्या कुठल्याशा कारखान्यानं काढून टाकलेला कॉम्प्युटर घेऊन आला. "पुढच्या सोप्यात क्लास काढतो, आप्पा." घरच्या लाईनीला दम नाही म्हणून त्यानं भिंतीला भोक पाडून गिरणीकडनं वायर ओढली. पोपडे पडले म्हणून मी त्याला अर्धा तास शिव्या दिल्या. वायर कुठनं येते ते मात्र बघितलं नाही.

पहिल्यांदा तो चालू झाला तेव्हा मी खरंच चपला काढल्या. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली. रवळूनं इंग्रजीत माझं नाव लिहिलं. मला वाचता येईना, पण ते माझं होतं! आमच्या मास्तरांनी माझं नाव फक्त कोंबडा करायच्या पोरांच्या यादीत लिहिलेलं. मी कॉम्प्युटरला हात जोडले. नागुबाईनं (ही माझी बायको) मला हात जोडले, कारण चाळीस वर्षांत मी एका जागी इतका वेळ गप्प बसलो नव्हतो.

दसऱ्याला दुपारी चारला संकेश्वरचे सत्याप्पा येणार होते. त्यांची शेवंता रवळूला सांगून आलेली. त्यांचा निरोप रोखठोक होता. "क्लास खरा असंल तर मुलगी देऊ. आधी मशीन चालू दाखवा. अशी डबडी लई बघितल्यात." रवळूनं ते मनावर घेतलं. नवमीच्या दिवशी कॉम्प्युटर उघडून त्यात हार्ड डिस्क नावाची वीट घातली, मेमरीच्या चिपा बसवल्या. दसऱ्याला दुपारी तीनला झाकण लावलं आणि बटण दाबलं.

काही नाही. पंख्याची घरघर नाही, हिरवा ठिपका नाही. डोक्यावर बल्ब मात्र लख्ख जळत होता.

"वीज तर हाय," रवळू म्हणाला. "मग पॉवर सप्लाय गेला. न्हाय तर त्याला हार्ड डिस्कचा भार सोसंना झालाय. न्हाय तर..." आणि तो एकदम माझ्याकडं वळला. "आप्पा, तुम्ही काय केलंय का?"

"मी? गिरणीची शपथ!"

"शेजारच्या तात्याच्या लग्नात पंख्यावर पीठ कुणी ठेवलतं?"

"ते येगळं. तात्या पांढरा शोभतो."

नागुबाई आतनं म्हणाली, "अवो, खरं बोला. पोराच्या लग्नाचा इषय हाय."

काय सांगू तुम्हाला! जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि घरातलं मांजरसुद्धा विश्वास ठेवीना.

रवळूनं पुन्हा झाकण काढलं. फ्लॉपीच्या फटीत त्याला कुंकू सापडलं. (ते मीच लावलेलं, पण प्रेमानं.) त्यानं वीट काढली, चिपा काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. ढिम्म. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सत्याप्पा आले आणि संगती शेवंताही. मुलगी आणायची रीत नव्हती. "यंत्रातलं हिलाच कळतंय," सत्याप्पा म्हणाले. "आमच्यातला रेडिओ हीच उघडती."

सत्याप्पा उघड्या पेटीत वाकले आणि तसेच वाकून राहिले. "अबबब! तंबाखूच्या तरवाचा वाफाच की हो हा! हिरवागार!" मीही वाकलो. खरंच. हिरव्या पाटीवर बारीक बारीक रोपं लावल्यासारखी, आणि मधनं चांदीचे पाट. कुणी लावलं असेल एवढं, कसल्या चिमट्यानं? आम्ही दोघं म्हातारे श्वास धरून बघत राहिलो.

मग सत्याप्पा सरळ झाले. "सगळं झकास हाय. पर चालू कुठं हाय?"

रवळूच्या कपाळावरनं घाम ओघळून चिपांवर पडायला लागला. नागुबाईनं पोह्यांच्या बशा आतल्या आत परत नेल्या. सोयरीक हातची चालली होती.

शेवंता पुढं झाली. कोपऱ्यातला टेबलफॅन तिनं उचलला आणि कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावला. पातं हललं नाही.

"ह्यात पण हार्ड डिस्क बसवलीय का?" तिनं रवळूला विचारलं.

पोरीनं वायर बोटात धरली आणि निघाली. भोकापर्यंत गेली, वळसा घालून गिरणीत. मागनं आमची सगळ्यांची वरात. बोर्डाशी थांबली. दात पडल्यागत तीन भोकं. मग तिची नजर फिरत फिरत पाटावर आली. तिनं झेंडू बाजूला सारला.

तीन फ्यूज. कुंकू लावून, हारात, सुखात.

"मामा," ती म्हणाली, "वीज हितं बसलीय."

एवढा वेळ ती मला काका म्हणत होती! आमच्यात मामा फक्त सासऱ्याला. नागुबाई पोहे आणायला पळाली. मी लाज लपवायला म्हणालो, "सोनं घेतल्याबिगर पूजा हलत न्हाय बगा." तर सत्याप्पांनी खिशातनं आपट्याची पानं काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या सोनं. आता हलवा."

फ्यूज बसले. सोप्यातनं 'पीं' असा एक आवाज आला. कॉम्प्युटरला माहीतच नव्हतं आपलं काही बिघडलं होतं. हिरवी अक्षरं उमटली. सत्याप्पांनी चपला काढल्या.

मी मात्र कॉम्प्युटर बघत नव्हतो, पोरगी बघत होतो. ज्या पेटीपुढं आम्ही हात जोडले, तिला ह्या पोरीनं टेबलफॅन लावून बोलती केली!

लग्न झालं. पुढल्या खंडेनवमीला मी पूजेला निघालो, तर सुनेनं पाट आधीच मांडलेला. पान्हा, हातोडा, आणि शेजारी आणखी एक मोकळा पाट.

"बसा, मामा."

बसलो. तिनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. मला भरून आलं. म्हणालो, "पोरी, एवढा मान?"

"मान न्हाय, मामा. ह्या घरातलं सगळ्यात धोक्याचं हत्यार तुम्हीच. आता उद्या सोनं येईपर्यंत हलायचं न्हाय."