गायकवाडभाऊंची दुपारपाळी

आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी दोन ते चारच्या मध्ये कुणी साधं शिंकलं तरी तिसऱ्या मजल्यावरून "श्शू!" असा आवाज येतो. ते आमचे गायकवाडभाऊ. स्वतःच्या दाराबाहेर जिन्यात लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून, पायजमा आणि बाह्यांची बनियन घालून बसलेले असतात. मांडीवर पेपर, वारा घ्यायला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं जाड पाकीट. कुरियरवाला येऊ दे, गॅसवाला येऊ दे नाहीतर खुद्द चेअरमन, भाऊंचं बोट लगेच ओठांवर. "काय झालं भाऊ?" म्हणून विचारलं तर कुजबुजत एकच उत्तर, "ड्युटीवर आहे."

आणि त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, मी. मी तांडेलताई, जातीची कोळीण. माझी आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची आणि रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक नुसत्या हाकेवर ओढून आणायची. तो आवाज तिने मला दिलाय. मी घरात फोनवर बोलले की चौथ्या मजल्यावरच्या बायका दुसऱ्या दिवशी भेटून विचारतात, "मग पुढे काय झालं हो तुमच्या नणंदेचं?" अशा बाईच्या डोक्यावर असा माणूस राहायला यावा, ही देवाची थट्टा नाही तर काय?

भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तीसेक वर्षं कायमची रात्रपाळी. घरात तीन पोरं, रात्रीचा भत्ता बरा, म्हणून त्यांनी ती मागूनच घेतलेली. आम्ही कामावरून दमूनभागून कळव्याला परतायचो तेव्हा हे डबा घेऊन ताजेतवाने निघालेले असायचे. जिन्यात भेटले की "गुड मॉर्निंग, ताई!" त्यांची ती सकाळच ना! सकाळी घरी येऊन हा माणूस वरण-भात-भाजी-ताक असं साग्रसंगीत जेवायचा, झोपायचा आणि दिवेलागणीला उठून पोहे खायचा.

मग तिसरा मजला दिवसभर चिडीचूप. सुमनवहिनी, त्यांची बायको, दाण्याचं कूट करायला माझ्याकडे खाली यायच्या; मी घरी नसले तरी माझी किल्ली त्यांच्याकडेच असायची. मिक्सर माझ्याकडे, कुकर माझ्याकडे, रेडिओवरची गाणीसुद्धा माझ्याकडे. पोटभर हसायचं झालं तरी खाली येऊन हसायच्या आणि पदराने डोळे पुसत वर जायच्या. पोरं शाळेतून आली की तळमजल्यावरच चप्पल हातात घ्यायची. पाढे जिन्यात बसून पाठ करायची, तेही कुजबुजत. मधल्याला तर शाळेत बाईंनी एकदा विचारलेलं, "अरे, सत्तावीसचा पाढा म्हणतोयस की चुगली सांगतोयस?" आमच्या माळ्यावरची इतर पोरंपण मग हळू चालायला शिकली. मी नाही शिकले, पण तेव्हा मी रिटायर झाले नव्हते, दिवसभर ऑफिसात असायचे म्हणून निभावलं. सुट्टीच्या दिवशी वहिनी येऊन नुसत्या हात जोडायच्या.

भाऊ रिटायर झाले आणि त्यांना दिवस सापडला. कसा सांगू, एखाद्याला जत्रेत सोडावं तसा हा माणूस दिवसात हिंडायला लागला. पहिल्याच आठवड्यात सकाळी माझी बेल वाजली. दारात भाऊ, हातात बशी.

"ताई, पोहे. सकाळी खाऊन बघा! वेगळेच लागतात."

"भाऊ, मी जन्मभर सकाळीच खातेय."

"मग कधी बोलला नाहीत ते!" असं म्हणून खरंच रागावले हो माझ्यावर.

त्यानंतर रोज नवीन शोध. "आयला, हे दिवसा असतं होय!" हे त्यांचं पालुपद. गॅलरीतल्या मोगऱ्यावर अकराचं ऊन येतं, हा शोध. समोरच्या गुलमोहरावर पोपट येतात, हा शोध. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे, घंटा झाली की पोरं कशी ओरडत सुटतात ते बघायला. एकदा वॉचमन म्हणाला, "काका, कुणाला न्यायला आलात?" भाऊ म्हणाले, "कुणाला नाही रे. आवाज ऐकायला आलोय." वॉचमनने त्या दिवसापासून त्यांना स्टूल द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी फिरायला निघाले की अजून सगळ्यांना "गुड मॉर्निंग"च घालतात. आधी लोक हसायचे, आता तेही संध्याकाळी गुड मॉर्निंग म्हणतात. चारचा चहा बशीत ओतून, गॅलरीत उभं राहून, फुर्रकन आवाज करून पितात आणि खालून जाणाऱ्याला सांगतात, "काय दुपार पडलीय बघा आज!"

हे सगळं गोड होतं. कुणाची काही तक्रार नव्हती. पण ती खुर्ची!

दोनच्या ठोक्याला खुर्ची बाहेर यायची. चारला उचलताना भाऊ जोरात म्हणायचे, "सुटली पाळी!" की मग आम्ही माणसांनी भांडी घासायची, कुकर लावायचे. भंगारवाल्याच्या गाडीवर तो रेकॉर्ड केलेला आवाज असतो ना, त्याला तर भाऊंनी रोज चहा पाजून पाजून आमच्या गल्लीपुरता तो बंद करायला लावलेला. माझ्या कुकरने दुसरी शिट्टी दिली की जिन्याच्या खिडकीतून वाकून, "ताई, गॅस बारीक!" मी म्हणायचे, "भाऊ, डाळ कच्ची राहील!" तर म्हणायचे, "भिजत घालत जा ना!" आता बोला!

सगळ्यांची खात्री होती की तीस वर्षं दिवसा झोपलेल्या माणसाला दुपारचा आवाज सोसत नाही. सवय झालीय, दुसरं काय. वहिनींना विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या. "असू दे हो, जाऊ दे," एवढंच.

शेवटी कळस झाला. पहिल्या मजल्यावर देसायांच्या स्वयंपाकघरात लाद्या बदलायचं काम निघालं. भर दुपारी मशीन घरघरायला लागली. कारागीर तंबाखू मळायला जरा थांबला, तेवढ्यात भाऊ खाली आले आणि त्या मशीनवर जाऊन बसले. चार वाजेपर्यंत उठले नाहीत. देसाई ओरडले, कारागीर हसला, भाऊ म्हणाले, "ड्युटीवर आहे."

त्याच संध्याकाळी खाली मीटिंग. सेक्रेटरी नेने फार शुद्ध बोलतात. "जिना हा येण्याजाण्याचा मार्ग आहे. उद्यापासून तिथे खुर्ची दिसता कामा नये, अन्यथा लेखी सूचना द्यावी लागेल. तांडेलताई, आपण कमिटीत आहात, शेजारीही आहात. आपणच त्यांना समज द्या." मीही भरीला पडले. मला माझी कच्ची डाळ आठवलेली. "देते की! घाबरते का कुणाला?" असं म्हणाले, आणि ते मी कसं म्हणाले असेन ते तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला मी वर गेले. बघते तर काय, ड्युटीवरचे भाऊ गाढ झोपलेले! हनुवटी छातीवर, पेपर पायाशी, तोंड उघडं, आणि घोरणं असं की देसायांची मशीन परवडली. मला असा आनंद झाला! म्हटलं, सापडले रंगेहाथ. आईचं नाव घेऊन हाक मारणार, एवढ्यात त्यांच्या मागचं दार हळूच उघडलं.

सुमनवहिनी. बोट ओठांवर. "श्शू!"

माझा हात धरून मला आत घेतलं. पडदे ओढलेले, पंखा हळू, पलंगावर उशी-चादर नीट अंथरलेली. आम्ही पलंगाच्या कडेला बसलो.

"वहिनी, मी कशाला आलेय माहीत आहे का?"

"माहीत आहे. मीटिंग खाली झाली, पण तुमचा आवाज वर आला ना! यांनी पण ऐकलं. काल नीट जेवले नाहीत. एकच म्हणत होते, खुर्ची काढली तर तू झोपणार कशी?"

"तू म्हणजे? तुम्ही?"

वहिनी हसल्या. "रिटायर झाले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे इथेच बसलेले. शिट्ट्या, भंगारवाला, पोरं, दारावरची बेल. मला म्हणाले, सुमे, हे सगळं रोजचं? म्हटलं, रोजचं. तर म्हणाले, मग मी कसा झोपायचो? म्हटलं, मी जागी होते ना. तसे हे उठले, खुर्ची उचलली आणि म्हणाले, आता तू झोप. आता माझी पाळी."

मी त्या नीट अंथरलेल्या चादरीकडे बघितलं.

"मग लागते का झोप?" मी विचारलं.

"छे हो! दुपारी झोपायची सवयच कुठे आहे मला? डोळे मिटून पडून राहते. आज ते झोपले म्हणून मी उठले, नाहीतर चारपर्यंत हलत नाही."

"अहो, मग सांगून टाका ना त्यांना! खुर्चीची भानगडच मिटेल."

"आणि मग त्यांनी काय करायचं?" वहिनींनी उशीची खोळ सारखी केली. "आणि ताई, खरं सांगू? मलाच सांगायचं नाही. बाहेर ते श्शू श्शू करतात, कुणाकुणाशी भांडतात, तुमच्या कुकरला दटावतात, सगळं माझ्यासाठी. मी इथे पडून ऐकत असते. इतकं सुख झोपून कोण घालवणार?"

मी उठले. डोळे पुसावे लागले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? दाराबाहेर आले तर खालून नेने जिना चढत होते, चप्पल फटाक फटाक वाजवत. "काय ताई, दिलीत का समज?"

आयुष्यात पहिल्यांदा मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "श्शू!"

पण आवाज आईचा. तो श्शू चौथ्या मजल्यापर्यंत गेला. भाऊ दचकून जागे झाले, खुर्चीसकट हलले. माझ्या मागे दार लागल्याचा आणि पलंग करकरल्याचा बारीक आवाज आला. भाऊंनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच हातून काही फुटलं.

"हळू हो ताई," ते कुजबुजले. "आत झोपलीय ती. उठली का?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. कुजबुजत म्हटलं! मला स्वतःलाच माझा आवाज ओळखू आला नाही. "आत्ताच डोकावून आले. गाढ झोपल्यात."

"घोरत होती?"

"हलकंसं."

भाऊंचा चेहरा असा खुलला की जणू पहिल्यांदाच सकाळचे पोहे खाल्लेत. पायाशी पडलेला पेपर त्यांनी उचलला, मांडीवर घेतला आणि खुर्चीत ताठ बसले.

"बरंय मग," ते म्हणाले. "अजून पाळी सुटायची आहे."

नेन्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना खाली वळवलं.

"नेनेसाहेब, चप्पल काढा," मी म्हटलं.

"का?"

"हातात घ्या. वर वहिनी झोपल्यात."