तिसऱ्या स्क्रीनवरची माणसं

जागा अपुरी असल्यामुळेच काम होत नाही, हे सत्य जगातल्या सर्व कार्यालयांनी एकमेकांना न विचारता शोधून काढलेलं आहे. नागरिक नोंदणी कार्यालयात ते माईंच्या टेबलावर सिद्ध झालं.

माई तिथल्या वरिष्ठ कारकून. माणूस हयात असल्याचा दाखला देणं हे त्यांचं काम, आणि ते त्या सव्वीस वर्षं मन लावून करत होत्या. अडचण एकच होती. हयातांची यादी आणि मयतांची यादी एकाच स्क्रीनवर आलटून पालटून बघावी लागे, आणि बघता बघता आपण आत्ता नक्की कुठल्या यादीत आहोत याचा विसर पडे. (एकदा जेवणानंतर त्यांनी एका धडधाकट पहिलवानाच्या घरी सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं. ते पहिलवानाने स्वतः येऊन परत केलं.) म्हणून माईंनी दुसरा स्क्रीन मागितला.

अर्ज चौदा महिने फिरला. समितीने माईंचं टेबल तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ते तेवढंच भरलं, ही बाब अहवालात समाधानाने नमूद आहे. दुसऱ्या स्क्रीनमुळे दर दाखल्यामागे अकरा सेकंद, म्हणजे वर्षाकाठी चार दिवस वाचतील, असा निष्कर्ष निघाला. हे चार दिवस ‘दुसऱ्या स्क्रीनच्या वापराचा तक्ता’ भरण्यासाठी राखून ठेवण्यात आले. (तक्त्याला साडेचार लागतात.)

स्क्रीन आला. शिक्के, पंच, पाण्याची बाटली आणि माईंचा चष्म्याचा डबा टेबलावरून समोरच्या खुर्चीवर गेले, आणि खुर्चीवरचे नागरिक उभे राहिले. दोन स्क्रीनची मिळून अशी भक्कम भिंत झाली की समोरच्याला माई दिसेनाशा झाल्या, नुसत्या ऐकू येऊ लागल्या. पण डावीकडे हयात, उजवीकडे मयत, अशी घडी छान बसली. घरी दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार करणाऱ्या माईंना आयुष्यात प्रथमच ऐसपैस वाटलं. महिन्याभरात प्रलंबित अर्जांचा आकडा शून्यावर आला. साहेबांनी तो फळ्यावर रंगीत खडूने लिहिला आणि शून्याभोवती पाकळ्या काढल्या.

आणि एका सोमवारी भूगोलाचे एक निवृत्त मास्तर त्या भिंतीसमोर येऊन उभे राहिले.

“बाई, दाखल्यासाठी अर्ज करून महिना झाला. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. हयातीचा दाखला नसेल तर डॉक्टर हात लावणार नाहीत म्हणतात.”

“बरोबरच आहे त्यांचं,” भिंतीमागून माई म्हणाल्या. “थांबा हं सर, बघते.”

अर्ज उघडलेला आहे, असं कॉम्प्युटर ठामपणे सांगत होता. पण मास्तर डावीकडे नव्हते. माईंनी धास्तीनेच उजवीकडे पाहिलं. तिथेही नव्हते. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावण्यात आलं. त्याने दोन-चार बटणं दाबली आणि रोगाचं नाव कळलेल्या डॉक्टरसारखा तो हसला.

“माई, अर्ज तिसऱ्या स्क्रीनवर गेलाय.”

“अरे, पण तिसरा आहेच कुठे?”

“नाहीये. पण कॉम्प्युटरला वाटतंय की आहे. तुम्ही अर्ज इकडून तिकडे सरकवता ना, तेव्हा जरा जास्त सरकला की गेला पलीकडे.”

“पलीकडे म्हणजे?”

त्याने उजव्या हाताच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कॅलेंडर होतं. मास्तर जवळ गेले, डोळे बारीक करून त्यांनी कॅलेंडर निरखलं, आणि परत आले.

“एकतीस वर्षं नकाशावर बोट ठेवून पोरांना दाखवत आलो, कोण कुठे आहे ते. आता मीच कुठे नाही म्हणता?”

“तुम्ही आहात हो सर. फक्त दिसत नाही आहात.”

“मग दुसऱ्या एखाद्यावर बघा की! चांगले चार-चार आहेत तुमच्याकडे.” (मोतीबिंदूमुळे मास्तरांना एकाचे दोन दिसत. जागेची टंचाई त्यांना पटवून देणं फार जड गेलं.)

साहेबांनी प्रकरणात जातीने लक्ष घातलं. तिसरा स्क्रीन खरोखरच आणून भिंतीपाशी ठेवला की मास्तर त्यावर आपोआप दिसतील, हे त्यांनी मास्तरांना कागदावर चौकोन काढून समजावलं. त्यासाठी चौदा महिने लागतील. तोवर अर्जदाराने आहे त्या स्थितीत राहावं.

मास्तर कागदपत्रं पिशवीत भरू लागले. “नातीचं पत्र आलंय, बाई. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं, इतकंच.”

माईंनी पहिल्यांदाच दोन स्क्रीनच्या मधल्या फटीतून पाहिलं. फटीत मास्तरांचा एक कान, थोडी पिशवी आणि शर्टाचं चुकीच्या काजात लावलेलं बटण दिसलं.

“सर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबाल?”

सुट्टी झाली, खोली रिकामी झाली. माईंनी डबा उघडला नाही. पदर खोचून त्या टेबलाखाली शिरल्या, दुसऱ्या स्क्रीनची वायर त्यांनी शोधली, आणि दातओठ खाऊन उपटली.

उजवा स्क्रीन काळा झाला, दुसराच गेल्यावर कॉम्प्युटरला तिसराही वाटेनासा झाला, आणि डाव्या स्क्रीनवर माणसं धपाधप येऊन पडू लागली. एकावर एक तीनशे बारा. बाळंतपणाला माहेरी निघालेली एक बाई, दोन जुळे भाऊ, एक बँडवाला, आणि सगळ्यात खाली, महिनाभर कॅलेंडरमागे तिष्ठत असलेले मास्तर. माईंनी दाखला टाइप केला, सही केली, शिक्का मारला आणि भिंतीला वळसा घालून त्या स्वतः समोर आल्या.

“घ्या सर. आहात तुम्ही.”

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “दोन-दोन सह्या केल्यात! फार उपकार झाले, बाई.”

ऑपरेशन गुरुवारी झालं आणि उत्तम झालं. मास्तरांनी पत्र स्वतः वाचलं. नातीने भूगोल विषय सोडल्याचं त्यात कळवलं होतं.

इकडे शून्याचे तीनशे बारा झालेले पाहून साहेबांचा पारा चढला. पाकळ्या त्यांना स्वतःच्या हाताने पुसाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत आदेश निघाला: “तिसरा स्क्रीन अस्तित्वात नसतानाही समाधानकारक काम करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यास वीज, जागा वा दुरुस्ती लागत नाही. सबब तो आहे तसाच वापरात ठेवावा, व इतर शाखांनीही त्याचा लाभ घ्यावा. दुसऱ्या स्क्रीनची वायर तात्काळ पूर्ववत जोडावी.”

माईंनी वायर तात्काळ जोडली. त्या आदेश मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. फक्त रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं ती काढतात, खाली पडेल त्याला दाखला देतात, आणि वापराच्या तक्त्यात ‘धूळ पुसली’ असं लिहितात. वर्षअखेरीस स्वच्छ टेबलाचं प्रशस्तिपत्र त्यांनाच मिळालं.

आता हे वाचून आपणांस या कार्यालयाचं हसू आलं असेल, तर ते रास्तच आहे. नोंदीसाठी एवढंच सांगायचं, की तिसरा स्क्रीन घरोघरी कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, आणि त्याला वायर नाही. “आत्ता जरा गडबडीत आहे, निवांत बोलू” असं म्हणून ज्या आत्यांचा फोन आपण मागच्या वर्षी ठेवलात, त्या हयात आहेत की नाही ते सवडीने पाहून घ्यावं. असल्यास त्यांना कळवावं, की प्रकरण प्रक्रियेत आहे.