इंदुअक्कांचं कापलेलं पोट

इंदुअक्का समोरच्याला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी त्याचं वजन सांगतात. आम्ही धुळ्याला देवपुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी मी टेम्पोतून सामान उतरवत होतो. फाटकातून एक भलीमोठी बाई डोकावली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अठ्ठावन्न. उंचीच्या मानानं सहा कमी. घरात कोणी स्वयंपाक करतं की नाही?"

माझी बायको हातात कुकर घेऊन मागेच उभी होती. त्या दोघींचं बोलणं सुरू व्हायला पुढे तीन महिने लागले.

अक्कांचा अंदाज किलोभरानंसुद्धा चुकत नाही, कारण त्यांची सगळी नोकरी वजनं करण्यात गेली. साक्री तालुक्यात त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. पिंपळनेरच्या पुढे डोंगरातले पाडे त्यांच्याकडे. झाडाला टांगलेला काटा, काट्याला झोळी, झोळीत किंचाळणारं पोर. आकडा वाचायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. वजन बरं असलं तर ठिपका हिरव्या पट्ट्यात, घटलं तर पिवळ्यात, फारच घटलं तर लाल. निवृत्त झाल्यावर वजन करायला पोरं उरली नाहीत आणि त्यांच्या तावडीत आम्ही सापडलो. एरंडोलला माझ्या मेहुण्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला, तेव्हा भर मांडवात त्या म्हणाल्या, "पंचेचाळीस. हा वर बसला हे त्या घोड्याला कळलं तरी का?"

स्वतः अक्का शंभराच्या पुष्कळ पुढे होत्या. किती पुढे, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. त्या येताना दिसल्या की बायको प्लास्टिकची खुर्ची आत न्यायची आणि लोखंडी बाहेर आणायची. वरण-बट्टीचा बेत असला की त्यांच्यासाठी वेगळा घाणा काढावा लागे. घर दोन माणसांना जेमतेम पुरेल एवढं, त्यात राहणाऱ्या अक्का एकट्या, पण त्यांना जेवायला पातेली मात्र तीन लागत.

आणि त्यांचा राग! अक्का एरवी आमच्याशी शहरी मराठीत बोलतात, पण राग आला की थेट अहिराणी. "हाऊ न्याय शे का?" हा न्याय आहे का, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोदामात धान्य सडल्याची बातमी आली, हाऊ न्याय शे का? टीव्हीवर कोणी स्वयंपाकाच्या स्पर्धेत केक फेकून दिला, हाऊ न्याय शे का? कोपऱ्यावर व्यायामशाळा निघाली, तेव्हा काचेतून आत बघत त्या पाच मिनिटं उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, ही बठ्ठी, सगळीच्या सगळी माणसं पट्ट्यावर पळताहेत अन् पोचत कुठंच नाहीत. आमच्या पाड्यावरच्या बाया पाण्याला तीन कोस चालतात. यांना तिकडं पाण्याला धाडा म्हणावं, दोघांचंही काम होईल."

दोन वर्षांपूर्वी साक्रीच्या स्टँडवर बसमधून उतरताना अक्कांचा पाय पायरीवरून सटकला. पडल्या त्या उठेचनात. चार हमालांनी उचललं. गुडघे कधीचेच गेले होते, साखर होतीच, आणि झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. भुसावळला रेल्वेत असलेला त्यांचा भाचा धावत आला आणि त्यांना जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी सोबत होतो. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यावर एक उभी रेघ मारली आणि म्हणाले, "अक्का, एवढा भाग काढून टाकायचा. मग भूकच कमी लागेल."

अक्का चित्राकडे बघत राहिल्या. "काढून टाकणार, तो कुठं टाकणार?"

डॉक्टरांना हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नसावा.

"नको," अक्का म्हणाल्या. "जन्मभर मी लोकांच्या पोटात काही पडावं म्हणून वणवण केली. आता भरलेलं पोट कापून घेऊ? हाऊ न्याय शे का?"

भाचा तिथंच रडायला लागला. त्याला आई नव्हती, अक्कांनीच वाढवलेला. "मावशी, झोपेत श्वास थांबला तर मी भुसावळहून येईपर्यंत काय होईल?" अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, "बासष्ट, गेल्या खेपेला पासष्ट होता," असं पुटपुटल्या आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. आधी पाणी, मग पेज, मग वाटीभर मऊ खिचडी. ती वाटी संपवायला त्यांना तास लागायचा. अक्का झपाट्यानं उतरू लागल्या. चारच महिन्यांत बायकोनं प्लास्टिकची खुर्ची बाहेर ठेवली.

आणि इथून अक्कांच्या संतापाला खरी धार आली. गल्लीतला जो तो विचारी, "अक्का, किती किलो उतरले?" पुढे हमखास "अभिनंदन!" एकदा भाजीवालीनंही अभिनंदन केलं, तेव्हा अक्का भडकल्या. "अगं, कसलं अभिनंदन? माझ्या नोकरीत पोराचं वजन घटलं की मला वरून खुलासा मागायचे. अन् माझं घटलं तर तुम्ही पेढे मागता?"

कळस झाला जळगावच्या मेळाव्यात. डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्यांना बोलावलं होतं. प्रत्येकानं आपला जुना फोटो हातात धरून व्यासपीठावर यायचं, वजन सांगायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. अक्कांची पाळी आली. फोटो त्यांनी उलटा धरला होता.

"पस्तीस किलो कमी झाले," त्या माइकवर म्हणाल्या. टाळ्या पडल्या. "थांबा. पस्तीस किलोत किती पोरं होतात, ठाऊक शे का? लाल पट्ट्यातली पाच. पाच पोरं मी अंगावर घेऊन हिंडत होते, अन् ती उतरवायला मला भूल द्यावी लागली. वाजवा आता टाळ्या."

डॉक्टर पुढे आले. माणूस खरंच चांगला. हळूच म्हणाले, "अक्का, तुम्ही ऑपरेशन करून घेतलं नसतं तर त्यातल्या एकाचं तरी पोट भरलं असतं का?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "पण मी खाल्लं तेव्हा तरी कुठं भरलं?"

मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. येताना गाडीत मी बोललोही. "अक्का, त्या माणसानं तुमचा जीव वाचवला. चारचौघांत त्याला असं बोलायचं? तुम्ही आजारी होता. आजारी माणसानं औषध घेतलं तर त्यात पाप कसलं?"

गाडी पारोळ्याला पोचेपर्यंत अक्का पदराच्या टोकाला गाठी मारत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, लोकांना वाटतं, तसली पोरं बघून आल्यावर घास उतरत नसेल. माझं उलटं व्हायचं. लाल पट्ट्यात ठिपका दिला की घरी येऊन मी पातेलं पुढ्यात घ्यायचे. भीतीच वाटायची. जणू उद्यापासून मलाही मिळणार नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही." आणि लगेच म्हणाल्या, "रविवारी गाडी काढाल? एका बाईला सांगायचं शे."

रविवारी आम्ही पिंपळनेरच्या पुढे गेलो. रस्ता संपला तिथं गाडी ठेवली आणि टेकाड चढलो. अक्का तीनदा बसल्या, पण चढल्या. वाटेत त्यांनी सांगितलं, जमनाबाई गुजरातला ऊसतोडीला जायची. तिची मुलगी, सुनी, अडीच वर्षांची. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली ती पिवळ्या पट्ट्यात होती. उन्हाळ्यात परत आली ती लाल. पाऊस लागायच्या आत पोर दगावली. "मी नियमानं सगळं केलं होतं," अक्का म्हणाल्या. "कागद बघाल तर एक चूक सापडणार नाही." त्यानंतर त्या जमनाबाईच्या दारात गेल्या नव्हत्या. अकरा वर्षं.

जमनाबाई अंगणात उडीद पाखडत होती. तिनं अक्कांना आधी ओळखलंच नाही. आवाजावरून ओळखलं आणि सूप खाली ठेवून उठली. "बाई? इतल्या वाळी गयात? बिमार व्हतात का?"

अक्कांनी पदर हातात घट्ट धरला होता. पाठ करून आल्यासारखं त्या एका दमात बोलल्या. "जमना, मी आजारी नव्हते. म्हणजे होते, पण खाऊन खाऊन. दवाखान्यात जाऊन पोट कापून घेतलं. मोठा तुकडा काढून टाकला. तुला सांगावं म्हणून आले." आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

जमनाबाईनं हात लुगड्याला पुसले. मग पुढे झाली, अक्कांच्या पोटावर लुगड्यावरूनच अलगद हात ठेवला आणि विचारलं, "लई दुखनं व्हई ना, बाई?"

खूप दुखलं का, हे एवढ्या महिन्यांत आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"दुखनं," अक्का म्हणाल्या. "लई दुखनं." आणि त्या रडल्या. जमनाबाईनं त्यांना भिंतीशी टेकून बसवलं आणि चूल पेटवली. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी एका ताटलीत आली. अक्कांनी चार घास खाल्ले. पाचवा हातातच राहिला. ताटलीत अर्ध्याहून जास्त भाकरी उरली होती आणि अक्का तिच्याकडे भेदरल्यासारख्या बघत होत्या.

जमनाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसली, ताटली थोडी आपल्याकडे ओढली आणि त्यातूनच सावकाश जेवू लागली.