झाकणाची मूठ

टाकीचं झाकण हरवलं तेव्हा धाकटा जावई शीळ घालत होता. सासऱ्यांची जुनी पिकअप अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हाती आली होती. पंपावर पेट्रोल भरताना त्याने झाकण काढून टपावर ठेवलं, पंपवाल्याशी दोन शब्द बोलला आणि निघाला. झाकण टपावरच राहिलं. पहिल्या वळणावर डोक्यावर काहीतरी गडगडलं, पण तो आवाज त्याने गाडीच्या एकूण कण्हण्यात जमा धरला. पिकअप त्याच्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. घरात तिला म्हातारी म्हणत, आणि म्हातारीचा प्रत्येक भाग वेगळ्या सुरात विव्हळत असे. त्यात एक सूर वाढला तर कोण मोजतो?

सासऱ्यांची नजर अधू झाली होती आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती. तेव्हा म्हातारी आता दोन जावयांपैकी एकाला जाणार होती. थोरल्या जावयाचं फर्निचरचं दुकान होतं. तो तिला दुकानासमोर उभी करून मागच्या हौद्यात फुलझाडं लावणार होता. धाकट्याच्या बायकोने हे ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही. वडिलांच्या मांडीवर बसून ती ह्याच गाडीचे गिअर टाकायला शिकली होती. "तिच्यात माती भरणार आहेत," एवढंच ती म्हणाली, आणि ते अशा आवाजात, की धाकट्याने टीव्ही बंद केला.

सासऱ्यांनी न्याय केला. ते सासूबाईंना घेऊन पंधरा दिवस थोरल्या मुलीकडे जाणार होते. तेवढ्या दिवसांत धाकट्याने गाडी चालवून दाखवावी, मग ठरवू. जाताना त्यांनी एकच सूचना दिली. "बाकी काय बिघडायचं ते बिघडू दे. टाकीचं झाकण तेवढं सांभाळ." धाकट्याला ते विचित्र वाटलं. पण सासरे काहीही बोलले तरी मान डोलवायची, हे तो पहिल्या वर्षातच शिकला होता. तो सासऱ्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत असे, फक्त कोणी घरजावई म्हणू नये म्हणून जिना वेगळा काढला होता.

झाकण गेल्याचं त्याला घरी आल्यावर कळलं, आणि दुसऱ्या दिवशी दूध आणल्यावर तो लगेच बाहेर पडला. दूध आणायचं काम त्याचं होतं, आणि ते सासूबाईंच्या ॲल्युमिनियमच्या किटलीतूनच आणायचं असा दंडक होता. किटलीला झाकण नव्हतं. वर बशी ठेवून ती अंगठ्याने दाबून धरायची. ह्या कामाने त्याच्या उजव्या अंगठ्याला वेगळंच बळ आलं होतं.

बाजाराच्या टोकाला एक दुकान होतं. 'जुन्या गाड्यांचे सर्व भाग मिळतील' अशी पाटी होती पण पाटीचाच एक भाग गायब होता. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेले एक काका वर्तमानपत्र वाचत होते.

"पिकअपच्या टाकीचं झाकण पाहिजे होतं."

"सँपल?"

"हरवलंय. म्हणून तर नवीन पाहिजे."

"सँपलशिवाय मी काही देत नाही. लोक नेतात, परत आणतात. कसं होतं?"

"ॲल्युमिनियमचं. वर धरायला छोटी मूठ."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "टाकीच्या झाकणाला मूठ नसते."

"आमच्या होती."

"मग ते टाकीचं नसेल."

"टाकीवरच होतं हो काका."

"टाकीवर काहीही असेल. माझ्या टेबलावर मांजर बसतं. म्हणून ते टेबलाचा पार्ट होत नाही. सँपल आणा."

पुढची तीन दुकानं अशीच गेली. एकाने आटे डावे की उजवे असं विचारलं. दुसरा म्हणाला, ती कंपनीच आता नाही, आणि दुखवट्याला आल्यासारखा गप्प बसला. तिसऱ्याने सल्ला दिला की गाडी विकून झाकण असलेली गाडी घ्या. संध्याकाळी धाकटा घरी आला तेव्हा टाकीच्या तोंडावर बायकोने प्लॅस्टिकची पिशवी आणि वर रबर लावलं होतं. म्हातारी आता दवाखान्यातून नुकतीच सुटल्यासारखी दिसत होती.

"बाबांना सांगून टाकूया का?" बायको म्हणाली.

"सांग."

"मी कशाला? मी हरवलं का?"

"तुझे बाबा आहेत."

"आणि झाकण कोणाचं होतं?"

ह्या प्रश्नाचं पाणी किती खोल आहे हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

झाकण नाही तर निदान तोंडाचं माप न्यावं, असा विचार धाकट्याने केला. त्याने अंगाच्या साबणाची नवी वडी पाण्यात मऊ केली आणि टाकीच्या तोंडावर दाबली. छाप छान उठला. ती वडी रुमालात गुंडाळून तो काकांकडे गेला. काकांनी ती लांबूनच पाहिली. "साबणाचं सँपल चालत नाही. हाताळलं की माप बदलतं," ते म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.

शेवटी गावाबाहेरच्या भंगाराच्या वखारीत, एका उलट्या पडलेल्या पिकअपवर त्याला झाकण दिसलं. मूठ नव्हती, पण साबणाच्या छापाशी काठ बरोबर जुळत होता. अडचण एवढीच, की ते गंजून टाकीला घट्ट बसलं होतं आणि भंगारवाला सुटं काही विकत नव्हता. धाकट्याने अख्खी टाकी घेतली. तिला दोन दिवस तेल पाजलं, हातोडीने थोपटलं, एकदा तर विनवण्याही केल्या. तिसऱ्या दिवशी, दूध आणून बळकट झालेल्या त्याच अंगठ्याने, झाकण फिरलं.

ते म्हातारीवर असं बसलं, जणू तिथेच जन्मलं होतं. पण मूठ नव्हती. सासऱ्यांना चाळीस वर्षं मुठीची सवय, आणि नजर अधू असली तरी हात काही अधू नव्हते. धाकट्याने बायकोच्या कपाटाच्या मधल्या ड्रॉवरची मूठ काढली आणि झाकणावर डिंकासारख्या कशाने तरी चिकटवली. म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो ड्रॉवर मात्र तेव्हापासून उघडेना, आणि बायकोचे सगळे मोजे त्यात होते.

सासरे-सासूबाई एक दिवस आधीच, शनिवारी दुपारी आले. सासऱ्यांनी लांबूनच गाडीकडे पाहिलं, चाकावर एक लाथ मारली आणि समाधानाने मान हलवली. धाकट्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला. घर बंद असल्याने खालच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून सासरे आंघोळीला वर गेले.

न्हाणीघरात बायकोने नवी वडी काढून ठेवली होती. धाकट्याच्या पँटच्या खिशात सापडलेली.

सासरे बाहेर आले ते नाक वर करूनच. "पेट्रोलचा वास येतोय," ते म्हणाले. खोलीत तो येतच होता. जिन्यात आला. अंगणातही आला. ते जातील तिथे तो पुढे हजर. "एवढा वास म्हणजे टाकी उघडी आहे," असं म्हणत ते ओल्या केसांनी थेट म्हातारीपाशी गेले आणि त्यांनी मूठ धरून झाकण ओढलं.

मूठ हातात आली. झाकण जागेवरच राहिलं.

सासऱ्यांनी वाकून झाकणावर बोट फिरवलं. वर कंपनीची उठावाची अक्षरं होती.

"हे कुठलं?"

"भंगारातलं. तुमचं माझ्याकडून हरवलं, बाबा."

"कुठे?"

"पंपावर. टपावर ठेवलं होतं."

सासऱ्यांनी मागे स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मीही टपावरच ठेवलं होतं. गाडी घेतली त्याच्या आठव्या दिवशी. अस्सल झाकण म्हणतात ते हे. मी वर्षभर शोधलं, मला मिळालं नाही."

"मग माझ्याकडून हरवलं ते?"

"ते हिच्या दुधाच्या किटलीचं. घरात चोर येऊन गेला म्हणून सांगितलं होतं मी तेव्हा."

खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात किटली होती आणि किटलीवर बशी.

"चाळीस वर्षं बशी धरतेय मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळे घाबरले. "चोराने झाकणच का नेलं असेल, हा विचार करत झोपले कितीतरी वेळा. कुठंय माझं झाकण?"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "जावईबापूंनी हरवलं," ते म्हणाले. ह्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मला झाकण पाहिजे. गाडी कोणाला द्यायची ते त्यानंतर मी ठरवीन," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. धाकट्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे मूठ त्याच्या हातात देऊन आकाशाकडे पाहत होते. त्यांना पेट्रोलचा वास येत होता.

सोमवारी धाकट्याची भांड्यांची चार दुकानं फिरून झाली. अशा तोंडाच्या किटल्या आता येत नाहीत, सगळीकडे हेच उत्तर. परतताना पाय आपसूक त्या पाटीपाशी थांबले. काकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"सँपल?"

धाकट्याने किटली काउंटरवर ठेवली. काकांनी ती फिरवून पाहिली, काठावर बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच कौतुकाने मान डोलवली. मग ते आत गेले आणि हातात एक झाकण घेऊन आले. ते किटलीवर चपखल बसलं. वर कंपनीची उठावाची अक्षरं होती.

"पिकअपच्या टाकीचं आहे," काका म्हणाले. "पण तंतोतंत बसतंय."

"हे तुमच्याकडे होतं?"

"डबाभर आहेत."

धाकट्याने झाकण किटलीवरून काढून परत बसवून पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याला अंगणातली माती न भरलेली म्हातारी दिसली आणि मोज्यांविना फिरणारी बायको दिसली.

"मूठ तेवढी मिळणार नाही हं," काका म्हणाले.

त्याने खिशातून ड्रॉवरची मूठ काढून काउंटरवर ठेवली.